ताई, आधी जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात ताई आपले सरकार सेवा केंद्र चालवतात. डेस्कटॉप २०१५ चा, चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज ७ होतं, पुढे त्यावरच १० टाकून घेतलं. आता सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, पोर्टल उघडलं की गोल गोल फिरत राहतं, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी निळा पडदा येतो. गावातल्या पोरानं सांगितलं, "ताई, फॉरमॅट मारा लागते." भावानं कुठून तरी 'रेडी' विंडोज भरलेला पेन ड्राइव्ह आणून ठेवला आहे. डी ड्राइव्हमध्ये पाच वर्षांचे स्कॅन आहेत, डेस्कटॉपवर ग्रामसभेचे ठराव. हे घरी करता येईल का, डी वाचेल का, आणि विंडोज ११ टाकावं का?

घरी करता येईल. पण तुमच्या जागी मी असतो तर फॉरमॅट मारलाच नसता.

खेड्यात काहीही दुखलं की माणूस डॉक्टरला म्हणतो, सलाईन लावून द्या. कम्प्युटरच्या बाबतीत फॉरमॅटचं तेच झालं आहे. वीस-बावीस वर्षं तालुक्याच्या गावी कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझ्याकडे फॉरमॅटला म्हणून येणाऱ्या दहातल्या चार-पाच मशीनना त्याची गरजच नसते. आणि ज्यांना असते त्यांचंही नुकसान विंडोज टाकताना क्वचितच होतं. होतं ते त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात, घाईत.

तर आधी दुखणं कुठलं ते पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काहीही उघडलेलं नसताना, सुरू होऊन पंधरा मिनिटं झालेली असताना, 'डिस्क'च्या रकान्यात ९५-१०० टक्के दिसत असेल, तर विंडोज बिघडलेलं नाही, डिस्क दमलेली आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखा हात तिच्यावर इकडून तिकडे धावतो. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला त्याला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. विंडोज १० मागे गुपचूप शेकडो बारीकसारीक फायली वाचत बसतं, अपडेट शोधतं, अँटिव्हायरस चालवतं. तो हात बिचारा धावून धावून थकतो. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं तर महिनाभर बरं वाटेल, अपडेट आले की पुन्हा तेच रडगाणं.

दुसरी तपासणी, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका. उघडताच डिस्कची तब्येत दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच माल हलवा. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळींच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं नसतील, तर डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत. अशी डिस्क फॉरमॅट करणं म्हणजे फुटक्या माठाला चुना फासणं. तुमचा निळा पडदा यातूनही येत असू शकतो.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. कम्प्युटर बंद करून लाइन काढली आणि दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर तारीख मागची दिसते का? दिसत असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल गेला. सीआर २०३२ नावानं घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की सरकारी पोर्टल "हे कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडायला नकार देतात, आणि लोक फॉरमॅट मारून मोकळे होतात. या सेलपायी फॉरमॅट झालेली निदान पंधरा मशीन मी पाहिली असतील.

मग सीपीयूचा डबा उघडा. वायर काढून, बाहेर अंगणात. आपल्याकडे जिनिंगच्या अंगाला, नाहीतर कापसाची साठवण असलेल्या घरात मशीन असेल तर आत काय निघेल सांगतो: पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, कापसाच्या तंतूंची घट्ट गादी. बोटानं उचलली की अख्खी निघते, नमद्यासारखी. हवा खाली जातच नाही. मे महिन्यात टिनाच्या खोलीत बाहेर ४५ अंश, आत प्रोसेसर तापून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. त्यात कूलर कम्प्युटरच्या तोंडाशी लावलेला असेल तर ओल्या हवेनं धूळ चिकट होते, तिचा लगदा बनतो. रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर हलकेच फिरवा, कोरड्या कापडानं पुसा, पुन्हा टक्क आवाज येईपर्यंत बसवा. निळ्या पडद्याचं दुसरं नेहमीचं कारण हेच.

एवढं करून मशीन सुधारलं तर थांबा. नाही सुधारलं, आणि तुमच्या वर्णनावरून डिस्क १०० टक्क्यांवरच अडकलेली असणार असं मला वाटतं, तर माझा सल्ला असा: २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क घ्या, जमलं तर ४ जीबीची आणखी एक डीडीआर३ रॅम. आणि जुन्या हार्ड डिस्कला हातच लावू नका. तिची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही काढा, जागेवर एसएसडी जोडा, विंडोज त्या कोऱ्या एसएसडीवर टाका. जुनी डिस्क तोवर टेबलाच्या खणात. हात कितीही चुकला तरी तुमचे स्कॅन आणि ठराव पुसलेच जाऊ शकत नाहीत, कारण ते मशीनमध्येच नाहीत.

सगळं चालू झालं की मशीन बंद करून जुनी डिस्क दुसऱ्या केबलला जोडायची, बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पहिला क्रमांक एसएसडीला द्यायचा. तुमचा जुना सी आता ई किंवा एफ म्हणून दिसेल, डी दुसऱ्या कुठल्या अक्षरानं. जुना डेस्कटॉप त्यात 'युजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली सापडेल. परवानगी नाही म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबा. काय राहून गेलं ते आज आठवलं काय किंवा तीन आठवड्यांनी आठवलं काय, ते तिथंच असतं. फक्त क्रिस्टलडिस्कइन्फो लाल दाखवत असेल तर ती रोज जोडून ठेवू नका, एकदाच लावा आणि महत्त्वाचं आधी काढून घ्या.

भावाचा पेन ड्राइव्ह मात्र वापरू नका. 'रेडी' विंडोज म्हणजे कुणीतरी आपल्या मनानं कापलेलं-जोडलेलं, अँटिव्हायरस बंद केलेलं, परवाना चुकवायला आधीच क्रॅक लावलेलं. घरी पोरगं गेम खेळतं तिथं एक वेळ चालून जाईल. तुमच्या मशीनवरून गावाच्या आधारच्या आणि बँक पासबुकाच्या प्रती जातात. पेन ड्राइव्ह स्वतः बनवा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल आहे, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे त्यात भाचीच्या बारशाचे फोटो नाहीत ना पाहून घ्या. डाउनलोड चार-पाच जीबीचा असतो. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक अर्ध्यावरच संपेल, म्हणून ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे बसा.

परवान्याची चाबी, म्हणजे प्रॉडक्ट की, विचारली तर 'माझ्याकडे नाही' निवडून पुढे जा. मात्र आत्ता होम आहे की प्रो ते सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन'खाली आधी पाहून ठेवा आणि तेच टाका. तिथं 'डिजिटल लायसन्स' असं लिहिलेलं असेल तर तो परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तरी नेट जोडल्यावर आपोआप लागतो.

आता प्रत्यक्ष काम. पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेन्यूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची, कळ टपाटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. जुळवलेल्या डेस्कटॉपला मदरबोर्डप्रमाणे वेगळी असते, चालू होताना पडद्याच्या तळाशी लिहून येते. यादीत तोच पेन ड्राइव्ह बहुधा दोनदा दिसेल, एकदा नुसता आणि एकदा 'यूईएफआय' लावून, म्हणजे मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीचा. कोऱ्या एसएसडीसाठी यूईएफआयवाला निवडा. पुढे 'कस्टम' निवडल्यावर डिस्कची यादी येते. एकच ओळ दिसेल, सुमारे २३८ जीबी, 'अनॲलोकेटेड'. तिच्यावर उभे राहून 'नेक्स्ट'. भाग पाडायला, फॉरमॅटचं बटण दाबायला जाऊ नका, लागतील ते छोटे भाग विंडोज स्वतः पाडतं. वीस मिनिटांत काम होतं. मध्येच लाइन गेली तर घाबरू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, कोऱ्या डिस्कचं काही जात नाही. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर ढगाळ दिवस तेवढा टाळा.

एसएसडीला पैसे नाहीत, जुनी डिस्क तब्येतीनं निळी आहे आणि त्याच डिस्कवर करायचं आहे, असंही होतं. तेव्हा मात्र डी वाचेल का हा प्रश्न खरा. सी आणि डी या दोन डिस्क नाहीत. एकाच वावरात मध्ये धुरा, म्हणजे बांध, घातलेला आहे, इतकंच. वावर खचलं तर दोन्ही पिकं जातात. "डीमध्ये ठेवलंय, सुरक्षित आहे" हे वाक्य मी रोज ऐकतो.

आणि डी नेमका मरतो तो एका ठरावीक जागी. तुमच्यासारख्या विंडोज ७ च्या काळातल्या डिस्कवर जुन्या, एमबीआर पद्धतीची विभागणी असते. पेन ड्राइव्ह यूईएफआयनं चालू केला की सेटअप लाल-पिवळी खूण दाखवून म्हणतो, या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही. मग यूट्यूबवर पाहून कुणीतरी शिफ्ट आणि एफ १० दाबतं, काळ्या खिडकीत डिस्कपार्ट चालवून 'क्लीन' हा हुकूम देतं. अडचण लगेच सुटते, कारण धुऱ्यासकट अख्खी डिस्क साफ होते, डीसुद्धा. तो हुकूम 'खात्री आहे का' असंही विचारत नाही. त्याऐवजी मशीन बंद करा आणि पेन ड्राइव्हची दुसरी, यूईएफआय न लावलेली ओळ निवडून पुन्हा या. तीच डिस्क मुकाट्यानं चालते.

सेटअपमधल्या डिस्कच्या यादीत सी-डी अशी अक्षरं नसतात, 'ड्राइव्ह ० पार्टिशन १' अशा ओळी असतात. म्हणून आधीच सीला 'सिस्टीम' आणि डीला 'डेटा' असं नाव देऊन ठेवा आणि दोघांचे आकार वहीत लिहा. ५०० जीबीची डिस्क एकूण ४६५ दिसते, त्यावरून गोंधळू नका. सीच्या ओळीवर उभे राहून फॉरमॅट न करता तसंच 'नेक्स्ट' दाबलं तर जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवलं जातं. जागा असेल तर मी हेच करतो. राहिलेलं दोन-चार दिवसांत काढून घ्यायचं मात्र, दहा दिवसांनंतर विंडोज ते स्वतःच पुसून टाकू शकतं.

हे सगळं शहाणपण माझ्याकडे फुकट आलेलं नाही. लग्नसराईत एका फोटोग्राफरचं मशीन आलं होतं. आत दोन डिस्क, दोन्ही एक टीबीच्या, दोन्ही यादीत ९३१. तो समोर चहा पीत उभा, त्याला संध्याकाळी दिग्रसला हळदीचं शूटिंग होतं, आणि मी बोलता बोलता ड्राइव्ह १ चं पार्टिशन उडवलं. उडवल्यावर दिसलं की विंडोज ० वर होतं. अकरा लग्नांचे फोटो. हात कापत होते. एकच गोष्ट बरी केली, तिथल्या तिथं बटण दाबून मशीन बंद केलं आणि त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहिलं नाही. रात्री ती दुसऱ्या मशीनला लावून टेस्टडिस्क नावाचं, उडालेलं पार्टिशन शोधून देणारं सॉफ्टवेअर चालवलं, पहाटे पार्टिशन जसंच्या तसं परत उभं राहिलं. पार्टिशन उडवलं म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तिथंच असतात, पण त्यावर नवं विंडोज ओतलं की पानंही जातात. एसएसडी असती तर बहुधा तेवढंही नशीब नसतं, तिच्यात पुसलेली जागा आतून रिकामी करण्याची सोय असते. त्या दिवसापासून जी डिस्क लागत नाही तिची केबल मी काढतोच, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

त्याच डिस्कवर करत असाल तर बॅकअप दुसऱ्या वस्तूवर घ्या आणि ती वस्तू काढून ठेवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळ्यांना आठवतं. विसरतात ते सांगतो. टॅली असेल तर तिचा डेटा बहुतेक सीमध्येच असतो, नेमकी वाट टॅलीतच दिसते. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. आणि फाँट. फॉरमॅटनंतर दोन दिवसांनी हमखास फोन येतो, "भाऊ, ठरावाच्या फायली खराब झाल्या, मराठीचं काहीच्या काही दिसून राह्यलं." फाइल धड असते. ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखमध्ये टाइप केलेली असते आणि फाँटच गेलेला असतो, म्हणून मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. सीमधल्या विंडोज फोल्डरातलं 'फाँट्स' उघडा, ते फाँट कॉपी करा, नंतर परत टाका. कॉपी झाल्यावर त्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून पाहा. स्वस्त पेन ड्राइव्ह १२८ जीबी म्हणून विकतात, आत भरतो तेव्हा कळतं किती आहे ते.

डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, टोकनची काळजी नको, प्रमाणपत्र टोकनच्या आत असतं. फक्त त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकताना 'इनिशियलाइझ' नावाचं काही दाबू नका, त्यानं ते रिकामं होतं. अंगठ्याच्या यंत्राला ड्रायव्हरबरोबर, म्हणजे यंत्र विंडोजला ओळखू देणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर, त्याच्या कंपनीची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारच्या कामाला लागणारं सॉफ्टवेअर, परत टाकावी लागते. प्रिंटरचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, विशेषतः जुना कॅनन २९०० असेल तर, तो ड्रायव्हरशिवाय एक ओळ छापत नाही. नव्या विंडोजला नेटच ओळखता आलं नाही तर फोन डेटा केबलनं जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, बाकीचे ड्रायव्हर विंडोज अपडेट आणून देतं. ड्रायव्हर शोधून देणारी म्हणून जी सॉफ्टवेअरं जाहिरातीत येतात ती नकोत.

विंडोज ११ चं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमचा चौथ्या पिढीचा, तो बसत नाही. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं ही अट चुकवून टाकता येतं, मी स्वतःच्या घरच्या मशीनवर टाकलंही आहे. पण असं टाकलेल्या मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून केंद्राच्या मशीनवर मी टाकून देत नाही. दुसरीकडे विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. तेवढी घ्या आणि नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला लागा. आज घेतलेली एसएसडी त्या नव्या मशीनलाही लावता येईल. लिनक्सचं कुणी सुचवेल. घरच्या लॅपटॉपवर मी आनंदानं टाकून देतो, अंगठ्याचं यंत्र आणि डीएससीच्या कामाला मात्र त्यात डोकेदुखी फार.

पुढे कधी लॅपटॉप घेतला आणि त्याचं हेच करायची वेळ आली तर आधी बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहा. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी आतलं वाचता येत नाही, मलाही नाही.

महिना-दीड महिना गेला, काहीच राहिलं नाही याची खात्री झाली, की जुन्या डिस्कचं काय करायचं ते ठरवा. ठेवायची असेल तर बॅकअपला उत्तम. कुणाला द्यायची किंवा भंगारात घालायची असेल तर 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्या डिस्कवरचे पूर्वीचे सी आणि डी दोन्ही, आत्ताचा एसएसडीवरचा सी नव्हे. क्विकमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते. मघाशी मी ज्या सॉफ्टवेअरनं लग्नाचे फोटो परत आणले, तशीच सॉफ्टवेअरं वापरून दुसरा कुणी तुमच्या गावाचे आधार परत आणू शकतो. पूर्ण फॉरमॅटला ५०० जीबीच्या डिस्कला दोन-तीन तास लागतील. रात्री लावा, झोपा.

डिस्कच्या यादीच्या पानावर अडलात तर पडद्याचा फोटो काढून पाठवा, काही दाबायच्या आधी. आणि दुकानात आणायचंच ठरलं तर नुसता डबा आणा, मॉनिटर-कीबोर्ड एसटीत वागवू नका. श्रीलिपीसोबत आलेलं कुलूप, म्हणजे कम्प्युटरच्या पोर्टला लावायचं छोटं डोंगल, तेवढं आठवणीनं पिशवीत टाका. ते घरी राहिलं म्हणून लोकांची दुसरी चक्कर होते.